व्यायाम आणि आहार एकदम बदलताय? मग क्रम नीट लावा

व्यायाम आणि आहार दोन्ही एकाच सोमवारी सुरू करायचं ठरलं की बहुतेकांचा बेत सारखाच असतो. रोज तासभर व्यायाम, गोड बंद, तळलेलं बंद, रात्रीचं जेवण निम्मं. पहिले आठ-दहा दिवस हे जमतंही, कारण उत्साह ताजा असतो. मग संध्याकाळी अशी भूक लागते की हाताला लागेल ते खाल्लं जातं. पाय दुखत असतात, झोप नीट होत नाही आणि सकाळी गजर बंद करून माणूस पुन्हा पांघरुणात शिरतो. याला सगळे 'मनाचा निश्चय कमी पडला' म्हणतात. मला हे निदानच चुकीचं वाटतं. ज्या आठवड्यात शरीराकडून जास्त काम मागितलं, त्याच आठवड्यात त्याचं इंधन तोडलं. मग दुसरं काय होणार?

इंधन तोडल्यावर धडधाकट माणसाचंही काय होतं, याची फार बारकाईने नोंद झालेली आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे दिवसाला सुमारे १,५७० कॅलरींवर ठेवलं आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालायला लावलं. त्यांना सतत थंडी वाजू लागली, चिडचिड वाढली, जिना चढणं जिवावर येऊ लागलं आणि डोक्यात दिवसभर अन्नाशिवाय दुसरा विषय उरला नाही. ही माणसं स्वतःहून प्रयोगात आलेली होती, निश्चयाची कमी त्यांच्यात नव्हती. आणि १,५७० हा आकडा आज सर्रास फिरणाऱ्या कित्येक 'डाएट चार्ट'मधल्या आकड्यापेक्षा जास्त आहे.

मग आधी काय करावं? व्यायाम, आहार की दोन्ही? स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ॲबी किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न घेतला होता. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४५ वर्षांपुढची, व्यायाम न करणारी २०० माणसं होती. एका गटाने दोन्ही बदल एकत्र सुरू केले, एकाने आधी व्यायाम आणि काही महिन्यांनी आहार, एकाने आधी आहार आणि मग व्यायाम. चौथ्या गटाला तुलनेसाठी फक्त ताण कमी करायला शिकवलं. वर्षभरानंतर दोन्ही उद्दिष्टं गाठण्यात एकत्र सुरू करणारे सगळ्यात पुढे होते. आधी व्यायाम करणारेही बऱ्यापैकी टिकले. आधी आहाराला हात घालणाऱ्यांना मात्र नंतर व्यायाम बसवणं जड गेलं.

हे वाचून कुणी म्हणेल, 'म्हणजे सोमवारचा बेत बरोबरच होता की!' नाही. त्या अभ्यासात आहाराचं उद्दिष्ट होतं भाज्या-फळं वाढवणं आणि संपृक्त (तूप-लोण्यात असते तशी) चरबी कमी करणं. उपाशी राहा असं कुणाला सांगितलेलं नव्हतं. म्हणून माझं मत असं आहे: व्यायाम आणि आहार एकत्रच सुरू करा, पण पहिले सहा ते आठ आठवडे ताटात काय आहे ते बदला, किती आहे ते बदलू नका. वजन उतरवायचं असेल तर खाण्याचं प्रमाण कमी करण्याचा टप्पा त्यानंतरचा.

आधी दिवसातली जागा ठरवा

'रोज व्यायाम करायचा' हा संकल्प आहे, सवय नव्हे. सवय लागते ती एखाद्या प्रसंगाला चिकटून. 'सकाळी सहा वाजता' पेक्षा 'दात घासून झाले की लगेच' हे जास्त टिकतं. रात्री झोपायला उशीर झाला की सहाचे साडेसहा होतात आणि मग 'आज वेळ गेली' असं वाटतं. दात मात्र रोज घासलेच जातात. संध्याकाळी करणाऱ्यांनी 'कामावरून घरी येऊन चपला काढल्या की कपडे बदलायचे आणि बसायच्या आधी सुरू करायचं' असा दुवा बांधावा. 'बसायच्या आधी' हे शब्द महत्त्वाचे. एकदा खुर्चीत टेकलं की उठण्यासाठी स्वतःशी वाद घालावा लागतो आणि तो वाद दमलेला माणूस हरतो.

दुवा ठरवताना वाक्य पूर्ण लिहून काढा: कशानंतर, कुठे, काय, किती. 'दात घासल्यावर, दिवाणखान्यात, खुर्चीवरून ऊठबस ८ वेळा, मग बाहेर १० मिनिटं चालणं.' मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिलं, की 'अमुक झालं की मी तमुक करीन' अशा नेमक्या शब्दांत बांधलेला बेत मोघम इराद्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा पार पडतो. बूट, मोजे आणि कपडे आदल्या रात्री एकाच जागी काढून ठेवा. मोजे शोधण्यात गेलेली चार मिनिटं ऐकायला किरकोळ वाटतात, पण व्यायाम नेमका तिथेच हुकतो.

सवय लागायला २१ दिवस लागतात हे सगळीकडे ऐकू येतं. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर १२ आठवडे केलेल्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवस निघाला आणि माणसागणिक फरक १८ पासून थेट २५४ दिवसांपर्यंत होता (१२ आठवड्यांपुढचे आकडे गणिताने पुढे काढलेला अंदाज होते). पेलाभर पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला जास्त वेळ लागला. म्हणून तीन आठवड्यांनंतरही रोज स्वतःला ढकलावं लागत असेल तर काही बिनसलेलं नाही. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते: मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या वाटचालीवर फारसा परिणाम झाला नाही.

यावरून एक नियम करता येतो. एक दिवस चुकला तर चुकला, त्याची भरपाई दुसऱ्या दिवशी दुप्पट करून करायची नाही. पण सलग दोन दिवस चुकू द्यायचे नाहीत. त्यासाठी रोजच्या व्यायामाचं एक अगदी छोटं रूप आधीच ठरवून ठेवा: खुर्चीवरून ऊठबस ८ वेळा, भिंतीला हात टेकून जोर ८ वेळा, घरातल्या घरात तीन मिनिटं चालणं. सगळं मिळून पाच मिनिटं. प्रवासात, पाहुणे असताना, डोकं ठणकत असताना हेच करायचं. एवढ्याने ताकद वाढत नाही, पण दुवा तुटत नाही, आणि पहिल्या दोन महिन्यांत तो दुवा जपणं हेच मुख्य काम आहे.

सकाळ चांगली की संध्याकाळ? जी वेळ आठवड्यातले पाच दिवस तुमच्या हातात असते ती. सकाळी अडथळे कमी येतात. संध्याकाळी शरीर मोकळं झालेलं असतं आणि ताकदीचे व्यायाम जरा सोपे जातात. दमछाक होईल असा व्यायाम झोपेच्या तासभर आधी संपवावा, एवढं पाळलं की बाकी वाद घालण्यात अर्थ नाही.

किती आणि काय

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस प्रौढांसाठी अशी आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम तीव्रतेचा किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम, आणि आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. हे जिथे पोचायचं ते ठिकाण आहे, पहिल्या आठवड्याचा गृहपाठ नव्हे.

मध्यम तीव्रता ओळखायला घड्याळ लागत नाही. चालताना सलग वाक्य बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, ती मध्यम. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर ती जोरकस. चालताना मिनिटाला साधारण १०० पावलं पडली की बहुतेक प्रौढ मध्यम तीव्रतेत येतात. १५ सेकंदांत २५ पावलं मोजून बघा.

पहिले दोन आठवडे रोज १० मिनिटं चालणं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात १५, पाचव्या-सहाव्यात २०, आठव्याच्या शेवटी ३०. आधी दिवस पक्के करा, मग मिनिटं वाढवा, वेग सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की नडगीच्या पुढच्या भागात किंवा टाचेखाली दुखायला लागतं, कारण दम आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात, पण स्नायू हाडाला जोडणारे कंडरे आणि खुद्द हाडं यांना भार सोसायला शिकायला महिने लागतात. 'दम लागत नाही म्हणजे आता पळायला हरकत नाही' हा हिशेब म्हणूनच फसवा. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येत असेल तर चालण्याची मिनिटं निम्मी करा, घरातही मऊ तळाची चप्पल घाला आणि पोटऱ्या रोज ताणा. ती कळ दाबून चालत राहिलात तर दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळतं.

ताकदीसाठी सुरुवातीला चारच हालचाली पुरेत, आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून: खुर्चीवरून ऊठबस, भिंतीला टेकून जोर, पाठीवर झोपून कंबर उचलणं, आणि वस्तू भरलेली पिशवी किंचित वाकून कमरेकडे ओढणं. प्रत्येकी ८ वेळा, दोन फेऱ्या, दोन फेऱ्यांमध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. सगळं मिळून २० ते २५ मिनिटं.

खुर्चीवरची ऊठबस सोपी दिसते म्हणून सगळ्यात जास्त चुकते. खुर्ची न घसरणारी, भिंतीला टेकवलेली, बैठक साधारण गुडघ्याच्या उंचीची. पावलं खांद्याएवढी लांब, चवडे किंचित बाहेर. आधी नितंब मागे न्या, मग गुडघे वाका. खाली यायला मोजून तीन सेकंद घ्या. बैठकीला स्पर्श झाला की भार न टाकता क्षणभर थांबा आणि तळव्याच्या मध्यभागी व टाचेवर जोर देऊन उठा. उठताना श्वास सोडा. शेवटच्या वीतभर अंतरात धपकन बसलात तर व्यायामाचा निम्मा फायदा गेला, कारण सावकाश खाली येण्यातच मांडीचा स्नायू सर्वांत जास्त शिकतो. गुडघे आतल्या बाजूला एकमेकांकडे झुकत असतील तर ते पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतील याकडे लक्ष द्या. उठताना हात टेकावे लागत असतील तर खुर्चीवर घट्ट उशी ठेवून बैठक उंच करा, त्यात कमीपणा नाही. श्वास रोखून जोर लावू नका, त्याने रक्तदाब एकदम चढतो.

दोन्ही फेऱ्यांत १२-१२ वेळा झाल्यावरही अजून दोन-तीन सहज झाल्या असत्या असं सलग दोन वेळा वाटलं, की पुढची पायरी घ्या: उशी काढा, मग बैठक खाली आणा, मग छातीशी वजन धरा, आणि पुन्हा ८ पासून मोजायला लागा. जोराचंही तसंच. भिंतीवरून ओट्याच्या कडेवर, तिथून भक्कम बाकावर, मग जमिनीवर.

पहिल्या ताकदीच्या दिवसानंतर अंग दुखेल. हे दुखणं लगेच येत नाही. १२ ते २४ तासांनी सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि मग ओसरतं. स्नायू ताणला जात असताना त्याने भार सावरला, म्हणून त्यात सूक्ष्म इजा झालेली असते. तीच हालचाल आठवड्याभरात पुन्हा केली की दुखणं बरंच कमी होतं. म्हणून पूर्ण थांबू नका, त्या दिवशी फक्त चाला. मात्र सांध्यात टोचणारी कळ, एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं, सूज, किंवा आठवडाभर न कमी होणारा ताठरपणा ही वेगळी गोष्ट आहे. तिथे ती हालचाल बंद.

छातीत दाब, जबड्यात किंवा हातात पसरणारं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, श्रमाच्या मानाने फारच जास्त धाप, यांपैकी काही झालं तर तिथेच थांबायचं आणि तातडीने वैद्यकीय मदत घ्यायची. हृदयविकार, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा गरोदरपण असेल तर सुरुवात डॉक्टरांशी बोलूनच करा. इन्सुलिन किंवा स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं, की व्यायाम आणि बदललेला आहार दोन्ही साखर खाली आणतात. औषधाची मात्रा तीच राहिली तर रक्तातली साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. खिशात १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज ठेवा, हात थरथरणं किंवा घाम फुटणं जाणवलं की ते घ्या, १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासा. रक्तदाबासाठी नाडी मंद ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर घड्याळावरचे नाडीचे आकडे बघून तीव्रता ठरवू नका, वर सांगितलेली बोलण्याची कसोटी वापरा.

ताट कसं बदलायचं

पहिल्या आठ आठवड्यांत आठवड्याला किंवा दोन आठवड्यांना एकच बदल. आधी भर घालायची, मग अदलाबदल करायची.

भर घालायची ती प्रथिनांची. व्यायाम नव्याने सुरू करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं हे उपयोगी लक्ष्य आहे. म्हणजे ७० किलोच्या माणसाला दिवसाला ८४ ते ११२ ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा तुमच्यासाठी नाही, तो डॉक्टरच ठरवतील. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम शिजवलेल्या मसुरीत ९, पेलाभर म्हणजे २५० मिलिलिटर दुधात ८, २०० ग्रॅम साध्या दह्यात ७, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम बदाम-शेंगदाण्यांत ६ ते ७, आणि १०० ग्रॅम शिजवलेल्या माशात २० च्या वर. हिशेब मांडलात की बहुतेकांच्या लक्षात येतं, की सकाळच्या खाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. म्हणून पहिला बदल तिथेच: सकाळी २० ते २५ ग्रॅम. संध्याकाळची ती अनावर भूक यानेच बऱ्याच अंशी आवरते, कारण प्रथिनांनी पोट भरल्याची भावना जास्त काळ टिकते.

दुसरा बदल भाज्या आणि तंतूंचा (फायबरचा). दुपारचं आणि रात्रीचं निम्मं ताट भाज्यांचं. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू हे लक्ष्य, पण तिथे एकदम उडी मारायची नाही. आतड्यातले जिवाणू नव्या तंतूंवर तुटून पडतात, वायू होतो, पोट फुगतं आणि माणूस 'मला कडधान्य सोसत नाही' असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. आठवड्याला ५ ग्रॅमच वाढवा. १०० ग्रॅम शिजवलेल्या कडधान्यात साधारण ७ ग्रॅम आणि सालासकट एका सफरचंदात ४ ग्रॅम तंतू असतात, यावरून अंदाज येईल. सोबत पाणी वाढवा, नाहीतर तंतूंनी बद्धकोष्ठ उलट वाढतं.

तिसरा बदल पेयांचा. साखर घातलेल्या थंड पेयाच्या ३३० मिलिलिटरच्या डब्यात सुमारे ३५ ग्रॅम साखर आणि १४० कॅलरी असतात, आणि पेयातल्या कॅलरींनी पोट भरत नाही. इथे अदलाबदल सरळ आहे: पाणी, ताक, बिनसाखरेचं काहीही. गरम पेयात साखर घेत असाल तर दर आठवड्याला पाव चमचा कमी करा. महिना-दीड महिन्यात जीभ जुळवून घेते. एकदम बंद केली तर ते पेय नकोसं होतं आणि चार दिवसांत साखर परत येते.

तयार पाकीटबंद पदार्थांविषयी एकच पण ठोस गोष्ट सांगते. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न दिलं. वाढलेल्या अन्नातली साखर, चरबी, तंतू सारखे ठेवले आणि हवं तेवढं खायची मुभा दिली. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. म्हणून संध्याकाळी खायला काय आहे हे दुपारीच ठरलेलं आणि शक्यतो तयार असलेलं बरं. भुकेच्या वेळी निवड करायची वेळ आली की पाकीटच जिंकतं, कारण ते उघडायला दोन सेकंद लागतात.

व्यायाम आणि जेवण यांच्यातलं अंतरही जमवावं लागतं. भरपेट जेवणानंतर जोरकस व्यायामाला दोन ते तीन तास थांबा. केळ्यासारखं हलकं काही खाल्लं असेल तर अर्धा-पाऊण तास पुरतो. सकाळी उपाशीपोटी अर्धा तास चालायला निरोगी माणसाला अडचण नाही, ताकदीच्या व्यायामाआधी मात्र थोडं काही खाल्लेलं बरं. जेवणानंतरचं १०-१५ मिनिटांचं रमतगमत चालणं या अंतराच्या नियमात बसत नाही, ते लगेच केलं तर उलट चांगलं, कारण जेवणानंतर रक्तातली साखर त्याने कमी चढते. व्यायामानंतर अमुक मिनिटांत प्रथिनं घेतलीच पाहिजेत अशी घाई करायची गरज नाही. पुढच्या जेवणात २५-३० ग्रॅम असली की झालं.

आता सगळ्यात मोठी गफलत. ७० किलोचा माणूस अर्धा तास भरभर चालला तर सुमारे १५० कॅलरी खर्च होतात, आणि त्यातल्या तीसेक तो नुसता बसला असता तरी झाल्याच असत्या. एक मूठभर सुका मेवा खाल्ला की हिशेब फिटला. मनगटावरच्या घड्याळाला नाडी बऱ्यापैकी कळते, खर्च झालेल्या कॅलरी कळत नाहीत. तो आकडा पाव हिश्श्याने किंवा त्याहूनही जास्त चुकू शकतो. 'आज व्यायाम झालाय' म्हणून घेतलेला जादा घास आणि 'आज दमलोय' म्हणून उरलेला दिवस बसून काढणं, या दोन्हींनी व्यायामाचा खर्च गुपचूप भरून निघतो. व्यायामातून वजन उतरवायची अपेक्षा ठेवलीत तर निराशा होईल. व्यायामाने ताकद, दम, झोप, रक्तदाब आणि साखर सुधारते, आणि उतरलेलं वजन उतरलेलं राहायला त्याचा मोठा हातभार लागतो. उतरवण्याचं काम मुख्यतः ताटाचं.

वजनकाट्याशी कसं वागायचं

पहिल्या पंधरवड्यात काटा दोन्ही बाजूंनी फसवतो. स्नायू आणि यकृत मिळून साधारण अर्धा किलो ग्लायकोजेन (साखरेचं साठवणीचं रूप) साठवतात आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. धान्य-साखर एकदम तोडली की हा साठा रिकामा होतो आणि आठवड्यात दीड-दोन किलो 'उतरतं'. त्यात चरबी थोडीच असते, आणि पुन्हा नेहमीसारखं जेवलं की पाणी परत येतं. उलट, नवा ताकदीचा व्यायाम सुरू केला की सावरणाऱ्या स्नायूंत पाणी साठतं आणि काटा किलोभर वर जाऊ शकतो. नेमकं याच वेळी लोक 'व्यायामाने वजन वाढतं' म्हणून सोडून देतात. खारट जेवण, पाळीचे दिवस, बद्धकोष्ठ, यांनीही किलोभर इकडे-तिकडे होतं.

म्हणून एक तर रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा आणि सात दिवसांची सरासरी लिहा. मग फक्त सरासरीची सरासरीशी तुलना करा. नाहीतर काट्याकडे महिनाभर बघूच नका. आकडा बघून ज्यांचा दिवस खराब होतो त्यांनी दुसरा पर्याय घ्यावा, त्यात गमावण्यासारखं काही नाही. कंबर मात्र दर दोन आठवड्यांनी मोजा. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक बोटांनी चाचपून शोधा, दोन्हींच्या बरोबर मध्ये फीत धरा, ती चहूकडून जमिनीला समांतर आहे हे आरशात बघा, श्वास नेहमीसारखा सोडल्यावर आकडा घ्या. पोट आत ओढू नका, फीत आवळू नका. बेंबीवरून मोजलेला आकडा पोट सैल झालं की जागा बदलतो, म्हणून बेंबी खूण म्हणून नको.

कमी करायला कधी लागायचं

आठवड्यातले पाच दिवस व्यायाम फारसा विचार न करता होतोय, सकाळी प्रथिनं पोटात जातायत, निम्मं ताट भाज्यांचं आहे, झोप सात तासांच्या आसपास आहे, असं सलग तीन-चार आठवडे जमलं की मगच प्रमाणाला हात घाला. झोप यात उगाच घातलेली नाही. अपुऱ्या झोपेने भूक वाढवणाऱ्या संप्रेरकाची पातळी वर जाते आणि तृप्ती देणाऱ्याची खाली, म्हणजे खाणं तोडायला यापेक्षा वाईट वेळ नाही.

दिवसाला ३०० कॅलरींची तूट (खर्चापेक्षा तेवढं कमी खाणं) पुरेशी, ५०० म्हणजे कमाल. ३०० शोधायला प्रत्येक घास मोजायची गरज नसते. स्वयंपाकात खाण्याच्या मोठ्या चमच्याने एक चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. बाटलीतून थेट ओतण्याऐवजी चमच्याने मोजून घातलं, आपल्या वाट्याला येणारं तेल एका चमच्याने कमी झालं आणि रात्रीच्या ताटातलं धान्य पाव हिश्श्याने घटलं, की बहुतेकांचे २०० ते ३०० तिथेच निघतात. प्रथिनं आणि भाज्या यांना हात लावायचा नाही.

तूट जास्त होतेय हे काटा सांगण्याआधी शरीर सांगतं. रात्री भुकेने जाग येणं, हातपाय गार पडणं, नेहमीचाच चढ अचानक जड वाटणं, ऊठबस १२ वरून ९ वर येणं आणि आठवडाभर तिथेच राहणं, उठल्या उठल्या मोजलेली नाडी रोजच्यापेक्षा पाच-सात ठोके वर, पाळी लांबणं. यांतली दोन लक्षणं एकत्र दिसली तर व्यायाम कमी करू नका, आधी १५० ते २०० कॅलरी परत घाला, तेही व्यायामाच्या आसपासच्या जेवणात. पाळी चुकली तर मात्र थांबून डॉक्टरांना दाखवा.

आजारपण किंवा प्रवासानंतर परत येताना लोक जिथे सोडलं तिथूनच उचलतात, आणि इजा बहुधा तेव्हाच होते. आठवडाभर खंड पडला असेल तर ताकद जवळपास तशीच असते, पहिल्या दिवशी एक फेरी कमी करा आणि पुढच्या वेळी नेहमीसारखं. दोन-तीन आठवडे गेले असतील तर दम आधी उतरलेला असतो. चालण्याची मिनिटं निम्मी, ऊठबस ८ वर, आणि दोन आठवड्यांत पूर्वपदावर. महिन्याहून जास्त खंड असेल तर पुन्हा १० मिनिटांपासून, फक्त या वेळी टप्पे एकेका आठवड्याचे घ्या. ताप असताना व्यायाम नाहीच, आणि औषधाशिवाय ताप उतरून किमान एक पूर्ण दिवस गेल्यावर आधी फक्त चालणं. त्या दिवसांत ताटात काटछाट करायची नाही, तूट पुन्हा सुरू करायची ती व्यायाम पूर्वपदावर आल्यानंतरच्या आठवड्यात.